एका कांद्याचे पैसे

वसूलरावांना आईबापांनी ठेवलेलं नाव एक होतं, पण ते आता फक्त पगाराच्या पावतीवर उरलं होतं. बाकी सगळ्या जगाला ते वसूलराव. त्याला कारण त्यांचं वर्तमानपत्रातलं सदर. दर आठवड्याला एका महागड्या हॉटेलात जाऊन जेवायचं आणि शेवटी एका शब्दात निकाल द्यायचा: 'वसूल', नाहीतर 'वाया'. बिल पेपर भरायचा, पण वसूलरावांची कसोटी घरगुती होती. हेच पैसे आपल्या खिशातून गेले असते, तर घरी जाताना माणूस हळहळला असता का? हळहळला असता, तर वाया. संपलं.

त्या एका शब्दासाठी लोक पेपर मागच्या पानापासून उघडायचे. लग्नाचा वाढदिवस तोंडावर आलेले नवरे, साहेबाला खूश करायला निघालेले कारकून, पहिल्या पगारात आईबापांना बाहेर जेवायला नेणारी पोरं, सगळे यांना घराच्या जिन्यात गाठायचे. "वसूलराव, तिथे जाऊ का हो?" मग वसूलराव एक पायरी वर चढून उभे राहायचे आणि म्हणायचे, "जा." किंवा म्हणायचे, "कशाला पैसे पाण्यात घालतोस?" काय तो रुबाब! मंत्र्याला नसेल.

आणि हा माणूस मुळात कोण? मुद्रितशोधक. तीस वर्षं तळघरातल्या खोलीत बसून दुसऱ्यांच्या वेलांट्या सरळ केल्या. तिथून वर आला तो नाकाच्या जोरावर. एकदा कॅन्टीनमध्ये चहाचा कप ओठाला न लावताच खाली ठेवून म्हणाले, "दूध संध्याकाळपर्यंत नासणार." संपादक शेजारीच होते, ते हसले. संध्याकाळी दूध नासलं. दुसऱ्या महिन्यात सदर सुरू झालं. जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभं राहून तिसऱ्या मजल्यावर कुणाचं काय करपलंय ते सांगणारं नाक होतं ते. त्यांच्या बायकोला त्या नाकाचा अभिमानही होता आणि वैतागही. "यांच्यापुढे साधं वरण ठेवायची चोरी," असं ती बहिणीला सांगायची, पण सांगताना हसायची.

मग एका हिवाळ्यात ताप आला. चांगला आठवडाभर अंथरुणाला खिळले. उठले, बायकोने चहा दिला, आणि वसूलरावांनी विचारलं, "यात चहा घालायला विसरलीस का?"

नाक गेलं होतं. सपशेल गेलं. डॉक्टर म्हणाले, येईल परत, नाहीतर येणारही नाही. झालं समाधान! जिभेला तेवढं खारट, गोड, आंबट कळायचं, मिरची झोंबायची. बाकी सगळा पुठ्ठा. त्यातही गोड-आंबट पुसटच लागायचं. थोडीफार खरी ओळख राहिली होती ती मिठाची. म्हणून ताटात वरून मीठ घ्यायला लागले. भाजीवर मीठ, भातावर मीठ, काकडीवर तर चुना मारल्यासारखं. शेवटी बायकोने मिठाची बरणी कपाटात वरच्या फळीवर ठेवून दिली.

शहाण्या माणसाने दुसऱ्या दिवशी संपादकांना जाऊन सांगितलं असतं. पण सांगून काय होणार होतं? सदर दुसऱ्याला जाणार, आणि वसूलराव पुन्हा तळघरात वेलांट्यांपाशी. जिन्यात कोण थांबवणार मग? या सदराआधी त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं हो आयुष्यात, अगदी लग्नातसुद्धा नाही. तेव्हा झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून त्यांनी मूठ झाकली, आणि ती झाकायला बायकोचा हात घेतला.

बेत असा ठरला. बायको बरोबर येणार, ती खाऊन चव सांगणार, हे ऐकून लिहिणार. आता या बड्या हॉटेलांची एक रीत असते. मेनूकार्डं दोन तऱ्हेची. जो बिल भरणार त्याच्या हातात किमती छापलेलं, आणि जो पाहुणा त्याच्या हातात नुसतेच पदार्थ. त्याला संकोच वाटू नये म्हणून. वसूलरावांना कुणी ओळखू नये म्हणून टेबल नेहमी मेहुण्याच्या नावावर घेतलेलं असायचं, म्हणजे पुरुषाच्या. त्यामुळे किमतीचं कार्ड आपोआप वसूलरावांकडे यायचं आणि बिनकिमतीचं बायकोकडे. वसूलरावांना ही सोय फार आवडली. ते म्हणाले, "तुझ्या तोंडात किंमत जायला नको. तू चव सांग, किंमत मी बघतो." म्हणजे तोंड एकाचं, आकडा दुसऱ्याचा, आणि निकाल तिसऱ्याच्या पोटावर!

बायको खाण्यातली दर्दी. सुरुवातीला तिला मौज वाटली. दबक्या आवाजात सांगायची, "लिंबू आधीच पिळलंय, कडवट झालंय." "हे सकाळचं गरम करून आणलंय, फसू नका." तिचं चुकायचं नाही. पण वर्ष गेलं, दोन गेली. घास तोंडात जायच्या आत समोरून प्रश्न: "कसं आहे? आणखी काय? मागून काय लागतं?" एकदा ती चमचा ठेवून म्हणाली, "मला एकदा तरी नुसतं जेवू द्या हो. घासाघासाला परीक्षा." वसूलराव म्हणाले, "हो हो, पुढच्या वेळी." पुढच्या वेळी पुन्हा तेच.

गंमत म्हणजे नाक गेल्यापासून सदर जास्त गाजायला लागलं. चवीबद्दल सांगण्यासारखं स्वतःचं काही नाही म्हटल्यावर वसूलराव पैशांवर घसरायचे. ताट केवढं आणि त्यात घास केवढा, मऊ खुर्चीचं भाडं सूपमध्ये कसं उकळलंय, वेटरच्या वाकण्याचे किती लावले. लोक पोट धरून हसायचे. चवीचं कौतुक वाचण्यापेक्षा किमतीचा राग वाचायला माणसाला बरं वाटतं. आणि ज्याचं स्वतःचं नाक गेलेलं, तो खुशाल नाकाने कांदे सोलत होता.

कांद्यावरून आठवलं. कांद्यापाशीच तर सगळं येतंय.

शेफबाईंनी हॉटेल काढलं ते घड्याळदुरुस्तीच्या एका जुन्या दुकानात. मोजकी टेबलं, भिंतींना नुसता चुना, आणि मागे स्वयंपाकघर. बाईंनी उमेदीची सगळी वर्षं दुसऱ्यांच्या मोठमोठ्या हॉटेलांत काढली होती. पदार्थ बाईंचे आणि पेपरात फोटो मालकांचे. शेवटी राहतं घर विकलं आणि हे सुरू केलं. झोपायच्या त्या स्वयंपाकघराच्या वरच्या माळ्यावर. त्यांचा मुख्य पदार्थ म्हणजे एक कांदा. अख्खा. पहाटे निखाऱ्यांच्या राखेत पुरायचा, रात्री काढायचा, आणि आटवून आटवून नितळ केलेल्या रसात ठेवायचा. वर पानसुद्धा नाही. त्या एका कांद्याची किंमत एवढी की घरात महिनाभराचे कांदे-बटाटे आले असते.

गावभर चर्चा. एका कांद्याला एवढे पैसे? जे जाऊन आले ते म्हणायचे, खाऊन बघा, मग बोला. जे गेले नव्हते ते जास्त बोलायचे. संपादकांनी वसूलरावांना बोलावून घेतलं. "लोक विचारतायत, वसूलरावांचं काय म्हणणं?" वसूलरावांची कॉलर ताठ.

एक अडचण होती. मेहुण्याचं नाव आता हॉटेलवाल्यांना पाठ झालं होतं. मागच्या ठिकाणी मॅनेजर दारातच कमरेत वाकला होता. म्हणून या वेळी टेबल घेतलं बायकोच्या नावावर, तेही माहेरच्या. आणि तिथेच घोळ झाला. वेटरने नाव बघितलं, टेबल बाईंचं, म्हणजे बिल बाई भरणार. किमतीचं कार्ड त्याने अदबीने बायकोच्या हातात दिलं आणि बिनकिमतीचं वसूलरावांच्या. वसूलरावांना ते दिसलं. त्यांना त्यात मौजच वाटली. "आज तू मालकीण," असं म्हणून ते हसलेसुद्धा. किमती त्यांना बाहेरच्या पाटीवरून माहीत होत्या.

बायको हसली नाही. ती बराच वेळ कार्ड वाचत राहिली.

कांदा आला. परातीएवढ्या पांढऱ्या ताटात मधोमध एकटा. वसूलरावांनी खाल्ला, मऊ, कोमट, किंचित गुळमट, पुढे काही नाही. त्यांनी बायकोकडे बघितलं. "कसा आहे?"

"कांदा आहे."

"ते दिसतंय. चव?"

"कांद्याची."

"अगं, लोक वाट बघतायत. वसूल की वाया?"

बायकोने चमचा ताटाच्या कडेला ठेवला. आजवर तिला त्यांनी चव विचारली होती, निकाल कधी विचारला नव्हता. "वाया," ती म्हणाली. आवाज असा कोरडा की वसूलरावांनी पुढे काही विचारलं नाही. खरं तर विचारायला हवं होतं. पण त्यांच्या डोक्यात तोवर मथळा तयार झाला होता: 'कांद्याने डोळ्यांत पाणी आणलं, पण बिल आल्यावर.'

उचलली जीभ लावली टाळ्याला. मथळा घरोघर पोचला. शाळेतली पोरंसुद्धा म्हणायला लागली. लोक जिन्यात पाठ थोपटायचे, "काय सोललात हो बाईला!" आणि घड्याळवाल्याच्या दुकानातली टेबलं एकेक करून रिकामी पडत गेली.

एका दुपारी दारावर थाप पडली. बायको तिच्या ताईकडे गेली होती, म्हणून वसूलरावांनीच दार उघडलं. दारात शेफबाई. हातात डबा. पेपरच्या शिपायाकडून पत्ता काढून आल्या होत्या. वसूलरावांची पाचावर धारण बसली.

"भांडायला नाही आले," बाई म्हणाल्या. "आत येऊ का?"

स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या. डबा उघडला, वसूलरावांपुढे सरकवला. "तुम्ही वाया म्हणालात, त्याचं मला काही नाही. म्हणणाऱ्याने म्हणावं. पण काय कमी होतं ते लिहिलंच नाहीत. मी रोज चाखते, मला काही सापडत नाही. रात्रभर तेच डोक्यात. तुमच्यासारखं नाक अख्ख्या गावात नाही म्हणतात. आज किंमत नाही, बिल नाही. खा, आणि तेवढं सांगा."

वसूलरावांनी खाल्लं. मऊ, कोमट, गुळमट. बाई त्यांच्या तोंडाकडे अशा बघत होत्या, जसं आजाऱ्याच्या घरातलं माणूस डॉक्टरच्या हातातल्या एक्स-रेकडे बघतं.

हीच ती वेळ होती. 'बाई, मला नाकच नाही.' एवढंच म्हणायचं. शब्द दातांपर्यंत आले होते. खोलीत तिसरं कुणी नव्हतं, आणि ही बाई कुणाला सांगत सुटणाऱ्यातली दिसत नव्हती. पण त्यांच्या डोळ्यांपुढे जिना आला, आणि त्यांनी घास गिळला.

"मीठ," ते म्हणाले.

"मीठ?"

"जरा कमी पडतंय. त्यामुळे चव उठत नाही."

आणि हे ते खोटं बोलत नव्हते, हाच तर दैवाचा खेळ. त्यांना जगातलं सगळंच अळणी लागत होतं. कपाटातल्या वरच्या फळीवरची बरणी साक्षीला होती.

बाईंनी दुसऱ्या चमच्याने रस घेतला, डोळे मिटले, बराच वेळ तसाच जिभेवर ठेवला. "मला बरोबर वाटत होतं," त्या हळूच म्हणाल्या. मग मान हलवली. "पण रोज रोज चाखून आपली जीभ आंधळी होते. तुम्ही म्हणताय तर असणार." उठल्या, आणि चक्क हात जोडले. "फार उपकार झाले. कुणी सांगतच नव्हतं." डबा राहू द्या, नंतर नेईन, म्हणून गेल्या. जिना उतरताना त्यांची पावलं हलकी वाजत होती.

संध्याकाळी बायको परतली. भुकेली होती. टेबलावर डबा दिसला तसा उभ्या उभ्याच चमचा घातला. बाहेरच्या खोलीत वसूलराव पेपर धरून बसले होते.

"अहो!" आतून एकदम हाक. "अहो, हे कुणी दिलं?"

"का? काय झालं?"

ती दारात आली. डबा छातीशी धरलेला, डोळ्यांत पाणी. "गार झालंय तरी असं लागतंय. आधी गोड लागतं. मग मागून धूर येतो, अगदी लांबून. आणि मग... लहानपणी तापातून उठल्यावर आईने पहिला घास भरवला होता ना, तसं काहीतरी. किती वर्षांनी मी नुसतं जेवले हो."

वसूलरावांनी पेपर खाली ठेवला. "मीठ कमी नाही वाटत?"

"वेड लागलंय का? एक कण वर पडला तर सगळं जाईल यातलं."

"हा तोच कांदा आहे."

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि ती मटकन खुर्चीत बसली.

"त्या दिवशी कार्ड माझ्या हातात आलं," ती म्हणाली. "त्याच आठवड्यात आपण ताईला कळवलं होतं, आईला सांभाळणाऱ्या बाईचा अर्धा पगार आम्हाला जमणार नाही म्हणून. आणि समोर एका कांद्याची ती किंमत. माझ्या घशाखाली उतरेना. मी कांदा खाल्लाच नाही. किंमत चावत बसले होते."

"मग सांगायचं नाहीस मला?"

"तुम्ही पुढे विचारलंत का? कांद्याची चव म्हटल्यावर लगेच निकालावर आलात."

मग वसूलरावांनी दुपारचं सांगितलं. बाई आल्या होत्या, विचारत होत्या, आणि आपण मीठ म्हणालो.

बायको उभी राहिली. "जा. आत्ताच्या आत्ता जा आणि सांगा तिला."

"काय सांगू?"

"खरं."

वसूलरावांनी चपला घातल्या. दारापर्यंत गेले. परत आले, चपला काढल्या. "उद्या जातो," म्हणाले. अशी उद्याची माणसं फार बघितली आहेत जगाने! दुसऱ्या दिवशी टेलिफोन उचलला आणि तसाच खाली ठेवला. तिसऱ्या दिवशी संपादकांकडे काम निघालं. बायको आधी ओरडली, मग रडली, मग बोलायचीच थांबली. शेवटी तिने स्वतःच फोन करून टेबल घेतलं, आपल्या नावावर. "पेपरच्या पैशांनी नाही," ती म्हणाली. "माझ्या साठवलेल्यातून. आणि तिथे तुम्ही तोंड उघडायचं. नाही उघडलंत तर मी उघडीन."

गेले. अख्ख्या हॉटेलात त्यांच्याशिवाय एकही गिऱ्हाईक नव्हतं. बाकीच्या टेबलांवरचे रुमाल घडी न मोडलेले. वसूलरावांनी मनाशी वाक्य घोकलं होतं, लहान मूल कविता घोकतं तसं. बाई, माझं नाक गेलंय, तुमचं आधीचंच बरोबर होतं. दोन वाक्यं. त्यांनी खरोखर ठरवलं होतं हो, त्यात खोट नव्हती.

कांदा आला. बायकोने पहिला चमचा घेतला आणि तिचे ओठ मिटले ते मिटलेच. कसाबसा गिळला. "खारट," ती पुटपुटली. "सगळं गेलं. धूर नाही, काही नाही. नुसतं मीठ."

वसूलरावांनी चमचा तोंडात घातला, आणि त्यांचा हात तिथेच थांबला. कारण त्यांना चव लागली. तापानंतर पहिल्यांदा बाहेरच्या एखाद्या पदार्थाला चव लागली. साऱ्या जगात एका माणसाच्या तोंडाला आता तो कांदा बरोबर लागत होता, आणि तो माणूस ते होते. त्यांना भडभडून आलं.

तेवढ्यात शेफबाई बाहेर आल्या. एप्रनला हात पुसत टेबलाशी उभ्या राहिल्या. वाळल्या होत्या, पण डोळे लकाकत होते. "मला वाटलंच होतं तुम्ही याल," त्या म्हणाल्या. "तुम्ही सांगितलंत तसं केलं. दोघं-तिघं गिऱ्हाईक म्हणाले खारट झालंय. मी म्हटलं, तुम्हाला काय कळतंय, वसूलरावांनी स्वतः खाऊन सांगितलंय. ते उठून गेले. जाऊ देत." मग आवाज खाली आला. "आता कसं आहे?"

बायकोने वसूलरावांकडे बघितलं. तोंड उघडायची ती वेळ होती. वसूलरावांनी उघडलं. पण आता सांगायचं म्हणजे नुसतं नाकाचं सांगायचं नव्हतं. जे तुमचं नीट होतं ते तुम्ही माझ्या शब्दावर स्वतःच्या हाताने मोडलंत, आणि जे सांगत होते त्यांना हाकललंत, असं त्या डोळ्यांत बघून सांगायचं होतं. घोकलेली दोन्ही वाक्यं कुठल्या कुठे गेली.

"आता वसूल," ते म्हणाले.

शेफबाईंनी एप्रन डोळ्यांना लावला. बायको बोलणार होती, तिने श्वासही घेतला होता. पण त्या बाईचे थरथरणारे खांदे बघून तिचाही धीर गेला. तिने पाण्याचा ग्लास उचलला आणि संपेपर्यंत खाली ठेवला नाही.

बाई बिल घेईनात. बायकोने घ्यायला लावलं. पर्समधल्या नोटा टेबलावर ठेवल्या आणि नवऱ्याची वाट न बघता दाराकडे चालू लागली. "यापुढे मला कुठे नेऊ नका," एवढंच ती म्हणाली. वसूलराव मागून निघाले. दार ओढून घेताना त्यांना शेफबाईंचा स्वयंपाकघरातल्या पोरांशी बोलतानाचा आवाज ऐकू आला, किती दिवसांनी कुणावर तरी खूश होऊन बोलावं तसा.

"ऐकलंत ना सगळ्यांनी? आजपासून मीठ एवढंच. एक कण कमी करायचा नाही."